चाचणी अधिकारी, गोमाजी चाळ

शासनाने माझी नेमणूक केली आहे ही बातमी मला आमच्या ऑफिसच्या शिपायाने, राजारामने, चहाच्या टपरीवर दिली. नेमणुका अशाच कळतात. आधी टपरीला, मग शिपायाला, मग साहेबाला आणि उरलंच काही तर ज्याची नेमणूक झाली त्याला. "चिंतामणसाहेब, तुम्ही चाचणी अधिकारी झालात," राजाराम म्हणाला. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात मला 'अधिकारी' कुणी म्हटलं नव्हतं. मी त्याच्या चहाचे पैसे दिले आणि वर एक खारी घेऊन दिली.

आमचं ऑफिस म्हणजे परळचं राज्य परिशिष्ट संचालनालय. शासनाचे अहवाल इतर खाती लिहितात. त्यांच्या शेवटी जी परिशिष्टं असतात, अ, ब, क, ड, ती आम्ही जोडतो. हसू नका. परिशिष्ट 'क' राहिलं म्हणून अख्खा अहवाल दिल्लीहून परत आलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे.

तर या संचालनालयाला चेहरा पाहून हजेरी लावणारं मशीन घ्यायचं होतं. पूर्वी हे काम सोपं होतं. तीन दरपत्रकं मागवायची, त्यातलं स्वस्त मशीन घ्यायचं आणि ते बंद पडलं की त्यावर कापड टाकायचं. पण मध्यंतरी आम्ही चौकशीच्या खिडकीपाशी बोटाने चालणारा एक मोठा पडदा घेतला. तो पहिल्याच महिन्यात काळा झाला. आता त्याच्या डोक्यावर डबे ठेवतात, आणि डबे ठेवायला तो खरंच उत्तम आहे. असे पडदे बऱ्याच खात्यांनी घेतले असावेत, कारण शासनाने तंत्रज्ञान खरेदी दक्षता समिती नेमली. समितीने नियम काढला: कुठलंही मशीन घेण्याआधी ते शंभर माणसांवर वापरून पाहायचं, आणि खात्यातल्या एका जबाबदार माणसाने 'चालतं' किंवा 'चालत नाही' असं स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं. ती सही माझी.

आमच्या उपसंचालक मनवा मॅडम वयाने माझ्या पुतणीएवढ्या आहेत, पण बोलायला लागल्या की माणूस आपोआप खुर्चीच्या टोकावर येतो. त्या म्हणाल्या, "चिंतामण, एकतीस मार्चच्या आत खरेदी झाली नाही तर अनुदान परत जाईल. आणि खोटी सही झाली तर समिती तुम्हाला सोडणार नाही. कळलं?" मला एवढंच कळलं की शासनाचं अनुदान माझ्या सहीसाठी थांबून राहिलंय. मी त्या दिवशी परळहून लालबागला घरी चालत आलो, आणि वाटेत दोन ठिकाणी उगाचच सहीचा हात हवेत फिरवून पाहिला.

पहिली अडचण दुसऱ्याच दिवशी आली. आमच्या कर्मचारी संघटनेने ठराव केला की चेहरा ही कर्मचाऱ्याची खाजगी बाब असून तो चाचणीसाठी उपलब्ध होणार नाही. खरं कारण असं की चाचणीच्या निमित्ताने कोण किती वाजता येतो ते उघड झालं असतं. म्हणजे आता शंभर चेहरे बाहेरून आणायचे! कंपनीचा प्रतिनिधी यशोधन, गळ्यात ओळखपत्र आणि तोंडात कायम 'नो इश्यूज सर', म्हणाला, "नो इश्यूज सर, आम्ही माणसं पुरवतो." पण मी चाचणी अधिकारी होतो. परीक्षा ज्याची, पर्यवेक्षकही त्याचाच, हे मला पटेना. मी मॅडमना बाणेदारपणे म्हणालो, "शंभर माणसं माझ्या चाळीत एकाच माळ्यावर निघतील."

इथे थोडी अतिशयोक्ती होती. गोमाजी चाळीत शंभर माणसं दोन माळे मिळून निघतात.

मशीन चाळीत आणायचं म्हणजे भिंतीला खिळा मारायचा. चाळ जाणार पुनर्विकासात, त्यामुळे खिळ्याला मालकाची ना हरकत, बिल्डरची ना हरकत आणि भाडेकरू संघाची ना हरकत. ते जमतंय तोवर आमच्या लेखा शाखेने विचारलं की मशीन चाळीच्या मीटरवर चालणार, म्हणजे खाजगी लोकांनी शासनाला वीज भेट दिली असं होतं. ही भेट स्वीकारायचे अधिकार कोणाला? फाइल त्या प्रश्नावर बसली. शेवटी मी माझ्या खोलीतून वायर ओढली आणि लेखा शाखेला कळवलं की मशीन माझ्याकडे पाहुणं आलंय. त्यांनी ते मान्य केलं, कारण पाहुण्याच्या विजेबद्दल नियम नाही.

मशीन कुठे लावायचं यावर चाळीचं एकमत व्हायला एक संध्याकाळ गेली. शेजारचे दत्तारामकाका, गिरणीतून निवृत्त, बोलणं अजूनही अस्सल मालवणी, म्हणाले, "तोंड पूर्वेक कर रे चिंतू. दक्षिणेक तोंड केलंस तर मशीन आजारी पडात." समोरच्या खोलीतल्या सुंदरामावशी, ज्यांनी पालिकेच्या शाळेत आयुष्यभर मुलांना, मलासुद्धा, रांगेत उभं केलं, त्या म्हणाल्या, "दिशेचं काही नाही हो, उजेड बघा. आणि रांग डावीकडून लावा." मी दोघांचाही मान राखून मशीन जिन्याच्या तोंडाशी लावलं, पूर्वेकडे, वर ट्यूबलाइट. दत्तारामकाकांनी नारळ फोडला. करवंटीचा तुकडा उडून मशीनला लागला, पण यशोधन म्हणाला, "नो इश्यूज."

माझी बायको मृणालिनी हे सगळं उंबऱ्यातून बघत होती. मार्च म्हणजे लालबागेत मिरच्यांचा महिना. तिच्या डोक्यात बेडगी किती, संकेश्वरी किती आणि मसाला कुटायच्या डंकावर आपला नंबर कधी, एवढंच होतं. "अहो, शासनाचं काम झालं की मिरच्यांची देठं काढायला बसा," ती म्हणाली. अधिकाऱ्याच्या घरातले लोक अधिकाऱ्याला असेच वागवतात.

आता माझी चूक सांगतो. रविवारी सकाळी चेहरे नोंदवायचे ठरले. मी आदल्या दिवशी जिन्यापाशी पाटीवर लिहिलं: 'उद्या सरकारी मशीनमध्ये सर्वांचे फोटो काढण्यात येतील.' फोटो! आमच्या चाळीला फोटो म्हणजे काय ते मला ठाऊक असायला हवं होतं. आमच्याकडे माणूस फोटोत जसा दिसतो तसा तो वर्षभर कधी दिसत नाही, आणि तशीच पद्धत आहे.

रविवारी सकाळी जिन्यावर जे उतरलं ते वऱ्हाड होतं. पैठण्या, नथी, गजरे. पावडरचा वास खालच्या वाण्याच्या दुकानापर्यंत गेला. दत्तारामकाकांनी केस काळे केले होते, मुलाच्या लग्नातला कोट घातला होता आणि एरवी फडताळातल्या पेल्यात राहणारी कवळी तोंडात बसवली होती. सुंदरामावशी चौदा एप्रिलला नेसतात ती पांढरी, निळ्या काठाची साडी नेसून आल्या, आणि फोटोपुरता चष्मा काढून ठेवला. मशीन एकेकाचा चेहरा घेई आणि आतून एक बाई गोड आवाजात म्हणे, "नोंद झाली. धन्यवाद." चाळीला हे फार आवडलं. काहीजण धन्यवाद ऐकायला दोनदा गेले. बरोबर शंभरावी मृणालिनी. तिलाही मी हट्टाने नथ घालायला लावली.

सोमवारी सकाळी सहा वाजता खरी चाचणी सुरू झाली. चेहरा ओळखला की मशीन नाव घेऊन नमस्कार करणार होतं. दत्तारामकाका टॉवेल खांद्यावर टाकून, कवळी पेल्यात ठेवून, दूध आणायला निघाले आणि सवयीने नाही, अभिमानाने मशीनसमोर उभे राहिले.

"अनोळखी व्यक्ती," मशीन म्हणालं. "कृपया प्रवेश करू नये."

"मी अनोळखी?" काका म्हणाले. "गो बाय, तू परवा इलंस. मी हयसर जल्मलंय!"

पुढच्या तासाभरात मशीनने सगळी चाळ अनोळखी ठरवली. सुंदरामावशींचा प्रकार सगळ्यांत अवघड होता. चष्मा घातला की मशीन त्यांना ओळखेना, आणि चष्मा काढला की त्यांना मशीन दिसेना. त्या विजेच्या मीटरपुढे उभ्या राहून नमस्काराची वाट बघत होत्या. भाडेकरूला त्याच्याच जिन्यावर 'प्रवेश करू नये' म्हणणं हे पुनर्विकासाच्या दिवसांत फार लागतं. काहींना वाटलं, हे बिल्डरचंच काम. मी आतल्या आत मात्र खूश होतो. मशीन चालत नाही, हे पहिल्याच दिवशी सिद्ध झालं होतं. मी दप्तरातून कोरा कागदसुद्धा काढला.

पण त्याच रात्री गॅलरीत चाळीची बैठक झाली आणि मला बोलावलं नाही. का, ते दुसऱ्या दिवशी कळलं. दत्तारामकाकांनी सगळ्यांना सांगितलं होतं, "चिंतूची परीक्षा हा. आपल्यामुळे तो नापास व्हता कामा नये."

मंगळवारी पहाटे चाळ नटून उठली. बायका नथ घालून कचऱ्याची बादली खाली नेत होत्या. पुरुष कोट घालून दुधाला. गजरेवाली आठवड्यातून एकदा यायची, ती रोज यायला लागली. सुंदरामावशींना त्यांची नात खांद्याला धरून अचूक मशीनसमोर उभी करी, मशीन "नमस्कार, सुंदराबाई" म्हणे, आणि मावशी शाळेतल्यासारखं "हजर!" म्हणत. मी दत्तारामकाकांना गाठलं.

"काका, परीक्षा माझी नाही. मशीनची आहे."

"मशीनीची कसली परीक्षा? मशीन काय शाळेत गेली?" काका कवळी सांभाळत म्हणाले. "तू घाबरू नको. आमी आसव."

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर तिथेच मी सगळ्यांना बसवून समजवायला हवं होतं. पण त्या संध्याकाळी यशोधनने आकडा काढला: अठ्ठ्याण्णव टक्के. उरलेल्या दोघांपैकी एक गृहस्थ गावाला गेले होते, आणि दुसरी माझी बायको. मनवा मॅडमनी आकडा ऐकला आणि पहिल्यांदाच मला "बसा" म्हणाल्या. शिपायांपासून सगळे मला चहा विचारू लागले. राज्यात इतकी यशस्वी चाचणी कुठेच झाली नव्हती, म्हणून दक्षता समिती स्वतः पाहायला येणार असं पत्र आलं. माझ्या चाळीत, माझ्या जिन्यावर, शासन! छाती इतकी फुगली की शर्टाचं एक बटण गेलं, आणि ते लावून घ्यायला गेलो तेव्हा मृणालिनीने सुई हातात धरूनच विचारलं, "अहो, तुम्ही सही काय करणार आहात?"

"म्हणजे?"

"हे डबडं चालतं का?"

"अठ्ठ्याण्णव टक्के."

"मला विचारा ना. रोज सकाळी गाऊनवर पाणी भरायला जाते, रोज मला अनोळखी म्हणतं. उद्या तुमच्या ऑफिसात कुणी बिचारी ताप अंगात घेऊन, केस न विंचरता कामावर आली, तर तिची हजेरी कापणार का?" तिने दोरा दाताने तोडला. "सहीला किंमत आहे म्हणून तर तुम्ही हवेत चालताय. मग ती खरी तरी करा."

मी तिला म्हणालो की शासकीय बाबी वाटतात तितक्या सोप्या नसतात. ती म्हणाली, मिरच्यांची देठं पण नसतात. त्या रात्री मला झोप लागली नाही. 'चालत नाही' लिहावं तर मॅडमचं अनुदान परत जाणार, मला मिळालेली खुर्ची काढून घेतली जाणार, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पहाटे उठून नथी घालणाऱ्या माणसांना तोंड काय दाखवायचं? 'चालतं' लिहावं तर ते खोटं. शेवटी मी ठरवलं की समिती काय म्हणते ते बघू. सरकारी नोकरीत यालाही निर्णयच म्हणतात.

समिती आली त्या सकाळी चाळीचं रूप बघण्यासारखं होतं. जिन्यावर रांगोळी, कठड्याला तोरण, नटलेली माणसं डावीकडून रांगेत. समितीच्या अध्यक्षाबाई साध्या सुती साडीत, पायात चपला, केस पांढरे. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "लग्न कोणाचं आहे?" मनवा मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी तोरणाकडे पाहिलं.

रांग सुरू झाली. नमस्कार दत्ताराम. नमस्कार सुंदराबाई. हजर! मशीन एकही चुकेना. यशोधन प्रत्येक नमस्काराला मान डोलवत होता. दत्तारामकाका नंबर लागून गेल्यावरही बाजूला उभे राहून मला अंगठा दाखवत होते. अध्यक्षाबाईंनी पेन काढलं. सगळं उत्तम चाललं होतं, आणि मी दप्तरातला कोरा कागद चाचपत होतो.

एवढ्यात मृणालिनी आली. डंकावर तिचा नंबर नेमका त्या सकाळी लागला होता. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, भुवया लाल, हात कोपरापर्यंत लाल, डोक्यावर ताज्या कुटलेल्या मसाल्याचा डबा. तिने जिन्यावर येऊन ओढणी खाली केली आणि मशीनपुढून जायला लागली.

"अनोळखी व्यक्ती," मशीन म्हणालं. "कृपया सुरक्षा रक्षकास कळवा."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. एकदोघांना शिंका आल्या, त्या मसाल्याच्या.

"या कोण?" अध्यक्षाबाईंनी विचारलं.

यशोधनचं डोकं चालतं हे मानलं पाहिजे. तो लगेच पुढे आला. "बघा मॅडम! या बाहेरच्या आहेत. मशीनने बरोबर ओळखलं. शंभर टक्के अचूक!" आणि माझ्याकडे वळून, "बरोबर ना सर? या बाहेरच्याच ना?"

आयुष्यात माणसाला काही प्रश्न असे विचारले जातात की उत्तर सोपं असतं आणि तरी ते देता येत नाही. फक्त 'हो' म्हणायचं होतं. अनुदान वाचलं असतं, खुर्ची वाचली असती, चाळीची इतक्या दिवसांची मेहनत सार्थकी लागली असती.  मृणालिनी डोक्यावर डबा धरून नुसती माझ्याकडे बघत उभी राहिली.

"ही माझी बायको आहे," मी म्हणालो. "दुसरा माळा, जिन्यासमोरची खोली. नोंद आहे तिची. शंभरावी." आणि एकदा तोंड उघडलं तसं मग थांबलंच नाही. "मशीन चालत नाही, मॅडम. हे लोक रोज असे नसतात. काका, कवळी काढा. मावशी, चष्मा लावा. मी चाचणी अधिकारी आहे आणि मी सांगतो, हे मशीन चालत नाही!"

अध्यक्षाबाईंनी पेन खाली केलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "सगळ्यांनी तोंड धुऊन, घरातल्या कपड्यांत परत यावं." आणि गोमाजी चाळ पुन्हा रांगेत उभी राहिली. गाऊन, लुंग्या, टॉवेल. अनोळखी व्यक्ती. अनोळखी व्यक्ती. अनोळखी व्यक्ती. मशीनचा आवाज तेवढाच गोड होता. यशोधन 'नो' म्हणाला आणि पुढचं त्याला आठवेना. मनवा मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या. मला चाळीतल्या एकाही माणसाकडे बघवत नव्हतं.

शेवटी दत्तारामकाका आले. कवळी नाही, कोट नाही, केसांचा रंग धुण्यात निम्मा उतरलेला. मशीनने त्यांनाही नाकारलं. ते बाजूला झाले नाहीत. अध्यक्षाबाईंसमोर जाऊन हात जोडून उभे राहिले.

"गो बाय, मशीन आमका वळखणा नाय तर नको वळखूंदे. तुमी ती घेवन जावा. पण आमच्या चिंतूक नापास करू नकात. पावडर लावली नाय तरी तो आमका वळखता."

 अध्यक्षाबाईंनी काकांचे जोडलेले हात खाली केले. "काका, परीक्षा मशीनची होती. मशीन नापास. तुमचा चिंतू पास."

"पास?" काकांनी खात्री करून घेतली.

"पास. अशी चाचणी मला राज्यात दुसरीकडे बघायला मिळाली नाही." मग त्या मनवा मॅडमकडे वळल्या. "अनुदानाचं बोलू आपण. नापास मशीन न घेतल्याबद्दल कुणाला शिक्षा व्हायला नको." मनवा मॅडमनी सुस्कारा सोडला आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या.

चाळीने जी आरोळी ठोकली ती गणेशोत्सवातसुद्धा मी ऐकलेली नाही. कुणीतरी माझा हात ओढला, कुणीतरी पाठीत धपाटा घातला. मृणालिनीने डबा खाली ठेवला आणि लाल हातांनीच माझी कॉलर नीट केली. तो शर्ट आता घालता येत नाही. आणि सुंदरामावशी, चष्मा लावलेल्या, घरातून पेढ्यांचा मोठा खोका घेऊन आल्या आणि समितीपासून वाटायला सुरुवात केली.

अध्यक्षाबाईंनी पेढा घेतला, खोक्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे तुम्ही आधीच आणून ठेवले होते? इतकी खात्री होती हे पास होतील याची?"

"खात्री कसली," मावशी म्हणाल्या. "पोराचं गणित पहिल्यापासून कच्चं. नापास झाला असता तरी वाटले असते. पोरगा आपलाच ना!"

मी चोपन्न वर्षांचा पोरगा, राज्य शासनाचा चाचणी अधिकारी, दक्षता समितीसमोर उभा होतो. मावशींनी पेढा थेट तोंडात कोंबला म्हणून बरं झालं, नाहीतर मी तिथेच रडलो असतो.